पहिला पोल निवडताना

कुस्ती आणि फुटबॉलच्या कोल्हापुरात आपली मुलगी पोल व्हॉल्टकडे, म्हणजे लांब लवचीक दांड्याच्या (पोलच्या) आधाराने उंच उडी मारण्याच्या खेळाकडे वळली आणि तिच्यासाठी पहिला पोल कोणता घ्यावा, असे आपण विचारलेत, याचा मनापासून आनंद वाटला. पोल घेताना आधी तिचे आजचे वजन पाहा. पोलवर लांबीसोबत तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे याचा आकडा, बहुधा पौंडांत, छापलेला असतो; तिचे वजन 45 किलो असेल, तर ते सुमारे 99 पौंड होते, तेव्हा 100 पौंडांखालचा पोल घेऊ नये, कारण तो मोडू शकतो. मात्र ‘वाढते वय आहे’ म्हणून गणवेशासारखा दोन मापे मोठा पोल घेणे, ही पालकांची नेहमीची चूक होय: असा ताठ पोल सरळ उभाच होत नाही आणि मुलीला गादीपर्यंत न नेता पुन्हा धावपट्टीवर टाकतो. सुरुवातीला 10 ते 11 फुटांचा पोल पुरतो, आणि तो वाकलाच पाहिजे, असा आग्रह मुळीच नको. जुना पोल मिळत असेल, तर त्यावरून नख फिरवा. स्पाइकची (बुटाच्या खिळ्याची) खोल चीर लागल्यास तो फुकटही घेऊ नका. ताठपणाचे बारीक आकडे तूर्त प्रशिक्षकांवर सोपवा.