६१२ की २१४?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीने आता पुढे कुठला कोर्स करावा, की स्पर्धा परीक्षा द्यावी, असं तुम्ही विचारलंय, पण माझ्या डोक्यातून पत्रातली दुसरीच गोष्ट जात नाहीये. मुलगी बीएस्सी स्टॅटिस्टिक्स झाली, आठ महिने एका सामाजिक संस्थेत एम अँड ई (मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन, म्हणजे कामावर लक्ष ठेवून त्याचा परिणाम तपासणं) असिस्टंट आहे, आणि रिपोर्टसाठी हजेरीपत्रकं तपासताना तिच्या लक्षात आलं की 'प्रशिक्षण घेतलेल्या महिला ६१२' असं जे लिहिलंय त्यात बायका आहेत २१४च. त्याच त्याच बायका दोन-तीन सेशनला आल्या आणि दर वेळी नव्याने मोजल्या गेल्या. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं आडनाव, तरी पोरीने मोबाईल नंबरवरून सगळं जुळवलं. साहेब म्हणाले राहू दे, डोनरला ६१२ कळवून झालंय. आणि घरी तुम्ही म्हणालात, "सांगतील तो आकडा भर, एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट हातात पडलं की सोड."

राग मानू नका, पण मला काळजी वाटते ती तुमच्या या सल्ल्याची. पहिली नोकरी आहे, वाकडं काही होऊ नये असं बापाला वाटणारच, ते कळतं मला. पण ती तुमच्याकडे आली तेव्हा तिला तुमच्याकडून एवढंच ऐकायचं होतं की बाळा, तू बरोबर मोजलंस. आज ती तुमच्या शब्दाखातर ६१२ भरेल, पुढच्या वेळी कुणी न सांगता भरेल, आणि मग हळूहळू तुम्हाला असलं काही सांगायचंच बंद करेल. या कामात माणसाकडे सॉफ्टवेअर किती येतं ते नंतर बघतात हो, याने दिलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो का हे आधी, आणि तो विश्वास एकदा गेला की कुठल्याच सर्टिफिकेटने परत येत नाही.

आता तुमचा मोठा गैरसमज. तुम्ही लिहिलंय, "नुसतं फॉर्म भरून वर पाठवायचं काम, यात डोकं काय लागतं." सगळं डोकं इथेच लागतं! किती बायका आल्या हे मोजणं सोपं आहे, येऊन त्यांच्या आयुष्यात काय बदललं आणि ते आपल्यामुळेच बदललं का, हे शोधणं महाकठीण. साधा प्रश्न घ्या, 'प्रशिक्षणाचा फायदा झाला का?' समोर संस्थेचाच माणूस बसलेला असताना कोण नाही म्हणेल, सगळे हो म्हणतात आणि रिपोर्टमध्ये जवळपास शंभर टक्के समाधान छापून येतं. तेच 'शिकलेल्यातलं गेल्या महिन्यात काय वापरलंत?' असं विचारा, मग शांतता पसरते, आणि त्या शांततेतच खरी माहिती असते. बदल आपल्यामुळेच झाला का, याच प्रश्नापायी गरिबीवरच्या उपायांची प्रत्यक्ष प्रयोग करून पारख करणाऱ्या बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि एम अँड ई ला आता बरेच जण जो 'एल' जोडतात, लर्निंगचा, तो तर बहुतेक ठिकाणी कागदावरच राहतो. इंजिनिअर्स विदाऊट बॉर्डर्स कॅनडा ही संस्था २००८ पासून आपलं कुठे चुकलं याचे रिपोर्ट स्वतःच छापायला लागली. तुमच्या मुलीने आठ महिन्यांत तेच केलंय, फक्त छापलं नाही.

तिने भांडायला जाऊ नये, आणि फील्डवरच्या लोकांवर तर अजिबात ढकलू नये, प्रपोजलमध्ये ६०० चं टार्गेट लिहिलं की खालून ६०० च येणार. तिने साहेबांना एक पानाची मेल करावी, दोन रकाने: हजेऱ्या ६१२, व्यक्ती २१४. दोन्ही आकडे खरे आहेत, खोटं आहे ते फक्त वरचं शीर्षक. शिवाय बायका पुन्हा पुन्हा आल्या ही चांगली बातमीसुद्धा असू शकते, त्यांना विचारा तरी का आलात! डोनरला मध्येच कारणासकट कळवलं तर ऐकून घेणारे असतात, शेवटी ऑडिटमध्ये सापडलं तर कोणीच ऐकत नाही. एवढं करूनही खोट्या आकड्याखाली सही मागितली तर मात्र तिने सर्टिफिकेटची वाट न बघता निघावं.

स्पर्धा परीक्षा तिला मनापासून द्यायची असेल तर द्यावी, तुम्हाला हवी म्हणून नको.

कोर्स आत्ता नको. लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टं आणि ती मोजायची कशी, याचा तक्ता) आणि थिअरी ऑफ चेंज (आपल्या कामातून बदल कसा घडेल, याची मांडणी) ती काम करताना शिकेल, एक्सेल पक्कं करू दे, कोबो टूलबॉक्सवर, म्हणजे मोबाईलवरून माहिती गोळा करायच्या सॉफ्टवेअरवर, स्वतः फॉर्म बनवू दे, आणि महिन्यातून चार दिवस तरी ऑफिस सोडून त्या बायकांशी जाऊन बोलू दे. वर्षभराने डेव्हलपमेंट स्टडीज की पुढे स्टॅटिस्टिक्स हे तिचं तिलाच कळेल, तेव्हा तिलाच पत्र लिहू द्या.

आणि आज ती घरी आली की कोर्सचं काही काढू नका. ते २१४ तू कसे शोधलेस, जरा दाखव ना, एवढंच म्हणा आणि शेजारी बसा.