आईच्या बरगडीत आणि पाठीत दुखतंय. दोन्हीला चालेल असा कोणता पट्टा घेऊ?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: आईंचं वय ६४. दोन आठवड्यांपूर्वी न्हाणीत पाय घसरला आणि त्या डाव्या कुशीवर आपटल्या. डाव्या बरगडीत दुखतं, शिवाय पाठीतही मधोमध दुखतं. छातीचा एक एक्स-रे काढला, त्यात ‘काही नाही’ म्हणाले. आता तुम्हाला ऑनलाइन एक रुंद पट्टा दिसलाय, त्यावर ‘बरगडी आणि पाठ दोन्हींसाठी’ असं लिहिलंय.

तो घेऊ नका. मिरजेत माझं सर्जिकल सामानाचं दुकान आहे, म्हणजे पट्टे विकूनच घर चालतं, तरी सांगतो. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून आणि गिऱ्हाइकांच्या कमरा मोजून एकोणीस वर्षं झाली. बरगडी दर श्वासाला हलते आणि ती हललीच पाहिजे. मणका दबला असेल तर त्याला पुढे वाकू द्यायचं नसतं. ही दोन कामं एकाच पट्ट्यानं करायला गेलं की एकही धड होत नाही.

बरगडीचं मी स्वतःच्या अंगावर शिकलोय. तीन वर्षांपूर्वी वरच्या फळीवरून कमोड खुर्चीचा खोका काढताना स्टूल कलंडलं आणि काउंटरची कड उजव्या कुशीत बसली. दुकान आपलंच, मग काय! सहा इंची रिब बेल्ट काढला आणि वेल्क्रो ओढता येईल तेवढा ओढून बसवला. काय सुख वाटलं म्हणून सांगू! शिंक आली तरी सहन होत होती. तीन रात्री तो लावूनच झोपलो. चौथ्या दिवशी अंगात कणकण, छातीत कफ घट्ट, आणि खोकायला गेलं की डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरांनी पाठीला स्टेथो लावला आणि म्हणाले, “खाली हवाच जात नाहीये. आधी तो पट्टा काढा.”

दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, त्यात पट्ट्यानं छाती आवळली की फुप्फुसाचा खालचा भाग फुगतच नाही. तिथे कफ साचतो आणि मग न्यूमोनियाची भीती. म्हणूनच मोडलेली बरगडी आवळून बांधायची जुनी पद्धत हल्ली डॉक्टर टाळतात. मला त्यांनी दुखण्याची गोळी वेळच्या वेळी घ्यायला सांगितली (“दुखल्यावर नको, दुखायच्या आधी”), खोकताना उशी कुशीला दाबून धरायला सांगितली आणि दर तासाला ते तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र वापरायला सांगितलं. आता कबुली देतो. ते यंत्र मी ढिगानं विकलं होतं आणि प्रत्येकाला ‘फुंका’ म्हणून सांगत होतो. त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते! चेंडू वर उचलले जातात ते ओढण्यानं. माझी बरगडी सुधारायला सहा आठवडे लागले, बहुतेकांना साधारण तेवढेच लागतात.

आता आईंचं. छातीचा एक्स-रे साफ आला म्हणजे बरगडीला तडा नाही असं होत नाही. बारीक तडे पहिल्या फोटोत बऱ्याचदा दिसत नाहीत. पण बरगडीपुरता त्यानं उपचारात फारसा फरकही पडत नाही, तडा असो की मुका मार, काळजी तीच. मला जास्त खटकतंय ते पाठीतलं मधोमधचं दुखणं. साठीपुढच्या बाईचं हाड ठिसूळ झालेलं असलं, तर घसरून बसकण मारल्यावरही मणका दबू शकतो. त्याचं दुखणं कधीकधी बरगड्यांच्या रेषेनं पुढे फिरतं आणि माणूस बरगडीच धरून बसतो. छातीच्या समोरून काढलेल्या फोटोत हे सहज निसटतं. तेव्हा पट्ट्याच्या आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि मणक्याचा, समोरून आणि बाजूनं असा फोटो लागेल का ते विचारा. दम लागत असेल, ताप असेल, पायात मुंग्या किंवा कमजोरी असेल, लघवी अडत असेल तर उद्यावर ढकलू नका. डाव्या खालच्या बरगड्यांच्या आत प्लीहा (स्प्लीन) असते, तिलाही मार लागलेला असू शकतो. पोटात डावीकडे दुखू लागलं किंवा चक्कर आली, तर तडक मोठं हॉस्पिटल गाठा, दोन आठवडे उलटून गेले असले तरी.

मणका दबलेला निघालाच तर चिठ्ठीवर बहुधा टेलर ब्रेस किंवा अ‍ॅश ब्रेस यातलं एक नाव येईल. टेलरला पाठीत दोन लांब पट्ट्या, खांद्यावरून बंद आणि पोटावर रुंद कापड असतं. (एक आजोबा चिठ्ठी घेऊन आले आणि रागानं म्हणाले, “हाड मोडलंय आणि डॉक्टर शिंप्याकडं धाडतोय!” टेलर हे एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन डॉक्टरचं आडनाव.) अ‍ॅश ब्रेस म्हणजे पुढून चौकट. वरचा पॅड छातीच्या हाडावर, खालचा ओटीपोटावर आणि तिसरा मागून पाठीला. तीन बाजूंनी असं धरलं की माणूस पुढे वाकूच शकत नाही. बायकांना तो छातीला टोचतो आणि घरी गेल्यावर हळूच पलंगाखाली जातो, हे मी नेहमी बघतो. म्हणून दुकानात बसवून, खुर्चीत बसून-उठून बघितल्याशिवाय हे दोन्ही घेऊ नका. कुठला, किती दिवस आणि झोपताना काढायचा का, हे डॉक्टरच ठरवणार, दुकानदार नाही.

मणका ठीक निघाला आणि उरली फक्त बरगडी, तर पट्टा नसला तरी चालतं. तरीही प्रवासात, जिन्यावर आधार हवा असं आईंना वाटलं, तर साधा इलॅस्टिकचा रिब बेल्ट घ्या, बायकांसाठी कापलेला, म्हणजे पुढच्या बाजूला अरुंद असलेला. तीन-चारशेच्या आसपास मिळतो. सुती बनियनवर लावा. लावल्यावर आईंना खोल श्वास घ्यायला सांगा आणि पट्ट्याखाली दोन बोटं सरकतात का बघा. श्वास अडतोय असं त्या म्हणाल्या तर सैल करा. तास-दोन तास वापरून काढा आणि रात्री तर नकोच. दम्याचा किंवा छातीचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका.

कमरेचा एलएस बेल्ट मात्र या दुखण्याला कामाचा नाही. तो बसतो कमरेवर आणि तुमचं दुखणं आहे त्याच्या वर. गिऱ्हाईक तो वर सरकवून बरगडीवर बांधतं, मग आतल्या पट्ट्या फासळीत घुसतात. नुसत्या कंबरदुखीलाही तो लोकांना वाटतो तेवढा उपयोगी नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी पट्टे देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय, आणि २०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीबद्दल तेच सांगितलं. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपणारा माल हाच आहे, काय करणार. ऑपरेशननंतर वगैरे डॉक्टर सांगतात तेव्हा वेगळी गोष्ट, मनानं वर्षानुवर्षं लावून बसू नये.

एक अजून, हे तुमच्या आईंचं नसावं पण बघून घ्या. गेल्या उन्हाळ्यात एक शेतकरी आले. एका बाजूला बरगडीवर आग होते, कपडा सहन होत नाही, पट्टा द्या म्हणाले. पडले नव्हते, काही उचललं नव्हतं. बनियन वर करायला लावलं तर पाठीकडून पुढे येणाऱ्या पट्ट्यात बारीक पुळ्या, पाण्यानं भरलेल्या. नागीण! पुरळ यायच्या आधीही दोन-चार दिवस असंच दुखतं. त्यावर इलॅस्टिक घासलं असतं तर पुळ्या सोलूनच निघाल्या असत्या. त्यांना पट्टा न देता समोरच्या दवाखान्यात पाठवलं, कारण तिची औषधं पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू व्हावी लागतात. त्यांना भीती होती ती नागिणीची दोन टोकं जुळण्याची. ती बहुधा एकाच बाजूला राहते, हे ऐकून जरा धीर आला.

माप घेण्याचं सांगून थांबतो, कारण निम्मे पट्टे मापातच चुकतात. रिब बेल्टसाठी छातीच्या खाली, जिथे ब्राचा पट्टा येतो तिथला घेर. टेलर किंवा अ‍ॅशसाठी दुकानदार विचारेल तो. एका कंपनीचा लार्ज दुसरीचा मीडियम असतो, तेव्हा अक्षर नका सांगू, इंच सांगा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून गाठ मारून आणली तरी चालते, सीमेपलीकडच्या खेड्यांतून तशी रोज दोन-तीन माणसं येतात. फक्त आई नऊवारी नेसत असतील तर कंबरेचं माप निऱ्यांवरून घेऊ नका. एकदा एका पोरानं आजीचं माप तसं आणलं आणि मी दिलेला पट्टा आजीच्या अंगावरून सरळ पायात उतरला.