रोजच्या स्केचिंगमध्ये तोचतोचपणा आला आहे. नवे विषय कोठून आणावेत?

आपण लिहिले आहे की नोकरीवरून घरी आल्यावर रोज रात्री एक स्केच करण्याचा नेम आपण गेले काही महिने पाळत आहात, इंटरनेटवरून घेतलेल्या विषयांच्या याद्या संपत आल्या आहेत आणि आता वही उघडली की 'आज काय काढायचे' येथेच हात अडतो. माझे मत स्पष्ट आहे. आपल्याला नव्या विषयांची गरज नाही. ती यादी बाजूला ठेवावी, एकच विषय धरावा आणि निदान एक ऋतू सरेपर्यंत तो सोडू नये.

मी कोल्हापूरची आहे. आमच्याकडे गंगावेशीसारख्या ठिकाणी दूध कट्टे आहेत. गवळी तेथे म्हशी आणून बांधतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक उभ्याउभ्याच फेसाळ, धारोष्ण दूध पितात. असा एक कट्टा माझ्या परतीच्या वाटेवर होता, म्हणून मी संध्याकाळी तेथे थांबून म्हशी काढू लागले. त्याच काळात मी एका स्केचिंग गटातही जात असे. त्या गटात महिन्याची यादी आधीच ठरलेली असे: आज किल्ली, उद्या चप्पल, परवा छत्री, तेरवा चहाची किटली. मी मात्र दर रविवारी म्हशींचीच वही घेऊन जाई. गटातील एका ज्येष्ठ सभासदांनी, जे स्वतः चित्रकला शिक्षक होते, एकदा सर्वांसमोर ती वही चाळली आणि म्हणाले, "सगळी पाने सारखीच आहेत. असे केल्याने तुमचा हात एका जागी साचून राहील."

त्यांच्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून मी तेव्हा गप्प राहिले. आपला प्रश्न वाचल्यावर मात्र त्याचे उत्तर लिहून काढावेसे वाटले.

म्हैस कोणालाही काढता येते असे वाटते, कारण काळे अंग, चार पाय आणि दोन शिंगे एवढ्याने ती ओळखू येते. नेमक्या याच कारणाने पहिल्या काही दिवसांत आपण समोरची म्हैस काढत नाही, डोक्यात आधीपासून असलेली म्हैस काढतो. ती डोक्यातली म्हैस काढून संपली आणि कंटाळा आला की मगच समोरची दिसू लागते. मग लक्षात येते की पंढरपुरी म्हशीची लांबलचक शिंगे मागे खांद्याच्याही पलीकडे गेलेली असतात, तर मुऱ्हा म्हशीची शिंगे कानांजवळच घट्ट वळलेली असतात, आणि त्यामुळे दोघींची मान तोलण्याची ढबही निराळी दिसते. कमरेची हाडे कातडीखाली कोठे टेकतात आणि रवंथ करताना खालचा जबडा कसा आडवा फिरतो, हेही तेव्हाच दिसते. काळ्या अंगाला काळा रंग भरला की चित्र मरते. ओल्या पाठीवर बल्बचा उजेड जेथे पडतो तेवढी जागा कोरी सोडली की अंग आपोआप गोलाई घेते, हे मला कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते.

जनावर स्थिर राहत नाही, ही अडचण सर्वजण सांगतात. त्यावर उपाय असा की एकाच पानावर चार-पाच स्केचेस एकाच वेळी सुरू करावीत. म्हशीने मान वळवली की पहिले अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळावे, आणि ती पुन्हा पहिल्या स्थितीत आली की पहिले पुढे न्यावे. जनावर आपल्या ठरलेल्या ढबीकडे पुन्हा पुन्हा परत येते. चहाच्या टपरीवर बसणाऱ्या माणसांनाही हेच लागू आहे.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सर्व लिहिते आहे तो सांगते. त्या ज्येष्ठांनी वही चाळली त्यानंतर थोड्याच दिवसांनी कट्ट्यावरच्या गवळीमामांनी ती मागून घेतली. चित्रकलेशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी एकेक पान सावकाश पाहिले, मध्येच थांबून दोन पाने मागे गेले आणि म्हणाले, "ताई, ही आमची मोरी न्हवं? गाभण हाय ते बरोबर दिसतंय बघा." ती गाभण आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. म्हशीचे कोटीपोट, म्हणजे खाल्लेला चारा साठवणारा पोटाचा मोठा कप्पा, डाव्या बाजूला असते, त्यामुळे वाढत्या गर्भाचा फुगवटा उजव्या कुशीत खाली उतरलेला दिसतो, ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. मी फक्त रोज दिसेल तशी रेघ काढत गेले होते, आणि ती रेघ आठवड्यागणिक उजवीकडे खाली सरकत गेली होती. पुढे मोरीचे दूध आटले आणि ती कट्ट्यावर येईनाशी झाली. तिचे गाभणपण माझ्या वहीत क्रमाने उतरले होते. ज्या पानांना एका जाणत्या शिक्षकाने 'सारखीच' म्हटले, त्यांतल्या प्रत्येक पानात गवळीमामांना वेगळी गोष्ट दिसली. किल्ली, चप्पल आणि छत्री काढून हे मला कधीच साधले नसते, कारण यादीतल्या प्रत्येक वस्तूशी आपली एकाच दिवसाची ओळख असते आणि पहिल्या दिवशी कोणीही बाह्यरेषेपलीकडे जात नाही. विषय रोज बदलला की नजर तीच राहिली आहे हे झाकले जाते. याद्यांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

एकाच विषयाने हात साचतो असे म्हणणाऱ्यांनी होकुसाईकडे पाहावे. या जपानी चित्रकाराने ऐंशी ओलांडल्यावर, 1842-43 च्या सुमारास, अरिष्ट टळावे म्हणून रोज सिंह काढण्याचा नेम धरला होता. त्यांतली दोनशेहून अधिक रेखाटने आजही उपलब्ध आहेत, आणि त्यांतील सिंह कधी उसळी मारतो, कधी नाचतो. इतके लांब जायचे नसेल तर आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहमान आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते गावी परतले आणि तेथील कोटितीर्थ तलावाचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. त्या पाण्याचा त्यांना कंटाळा आल्याचे त्यांच्या चित्रांत कोठेही जाणवत नाही.

विषय एकच ठेवला तरी त्याला विचारायचा प्रश्न मात्र बदलत राहावा. एक आठवडा फक्त सावल्या काढाव्यात आणि बाह्यरेषा काढूच नये. पुढच्या आठवड्यात कागदाकडे न पाहता केवळ कडेकडेने नजर फिरवत रेघ ओढावी. साधने बदलल्यानेही पुष्कळ फरक पडतो. बॉलपेनने काढताना खोडता येत नसल्यामुळे रेघ ओढण्यापूर्वी पाहणे भाग पडते, बोरू आणि शाईने रेघेची जाडी हातात येते, आणि खाकी कागदावर पांढऱ्या खडूने काढले की आपण अंधाराऐवजी उजेड काढू लागतो.

आपण रात्री घरी बसून काढता, तेव्हा आपल्याला सर्वांत उपयोगी पडेल ते स्मरणचित्र. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांमुळे आपल्यापैकी अनेकांना स्मरणचित्र म्हटले की पाठ केलेली ठरावीक माणसे आठवतात, म्हणून ते नाव नकोसे वाटते. खरे स्मरणचित्र वेगळे असते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ हे शिक्षक विद्यार्थ्यांना आधी एखादी गोष्ट बारकाईने पाहायला लावत आणि मग ती नजरेआड करून काढायला सांगत. रोदँसारखा शिल्पकार त्यांच्या हाताखाली शिकला. आपणही परतीच्या वाटेवर रोज एकाच ठिकाणी, मग तो बसथांबा असो वा भाजीची गाडी, दोन मिनिटे केवळ पाहावे आणि रात्री तेवढेच काढावे. जे आठवले नाही ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहावे. मग रात्री वही उघडल्यावर काय काढायचे हा प्रश्न पडणार नाही.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांनी महिनाभर यादी वापरायला हरकत नाही, कारण कोणता विषय आपल्याला धरून ठेवतो हे त्यातून कळते. ज्यांना व्यवसायासाठी सर्व प्रकारच्या वस्तू काढाव्या लागतात त्यांनाही माझा सल्ला जसाच्या तसा लागू पडणार नाही. मुलांवर एकच विषय लादू नये. त्या ज्येष्ठांचा मुलांना शिकवण्याचा अनुभव मोठा होता आणि त्यांचे म्हणणे तेथे बरोबर असेलही, परंतु मोठ्या माणसाच्या वहीला तो नियम लावणे मला आजही मान्य नाही.

विषय निवडताना तो सुंदर असण्यापेक्षा जिवंत किंवा बदलता असावा, म्हणजे झाड, जनावर, बांधकाम किंवा स्वयंपाकघराचा ओटा. पहिले दोन-तीन आठवडे कंटाळा येईल आणि तेव्हाच विषय बदलण्याची इच्छा सर्वांत जास्त होईल. डोक्यातली प्रतिमा त्याच सुमारास संपत आलेली असते, म्हणून त्या दिवसांत विषय बदलू नये.