ढोबळी मिरचीची छाटणी

पॉलिहाऊसमधील ढोबळी मिरचीचे मुख्य खोड जिथे दुभंगते, तिथली पहिली कळी न चुकता खुडावी; ती ठेवल्यास झाडाची ताकद अकाली फळाकडे वळून वाढ खुंटते. त्यानंतर प्रत्येक झाडावर २, फार तर ४ जोमदार फांद्या राखाव्यात, त्या वरच्या तारेला बांधलेल्या सुतळीवर सैल पीळ देत चढवाव्यात आणि बगलफुटी (पानांच्या बेचक्यातून येणारी नवी फूट) कोवळ्या असतानाच, दर ८ ते १० दिवसांनी, काढत राहाव्यात. पाने ओरबाडून झाड उघडे पाडण्याचा नवख्यांचा उत्साह मला मुळीच पटत नाही, कारण उन्हाळ्यात सावलीअभावी फळांवर चट्टे पडतात. काही विषाणू झाडाच्या रसातून पसरत असल्याने कात्री वरचेवर निर्जंतुक करावी.