पिल्लू ‘जारज’ नव्हे, ‘गूढज’

अनेक पक्ष्यांत विणीच्या दिवसांत नर मादीची पाठ सोडत नाही. या ‘मेट गार्डिंग’ला मराठीत काय म्हणावे आणि अशा पक्ष्यांना ‘एकपत्नीव्रती’ म्हणणे योग्य आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘एकपत्नीव्रती’ मुळीच म्हणू नये, तरी पक्ष्यांवरच्या लेखांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. व्रत जाणूनबुजून घ्यावे लागते. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९६८ मध्ये ९० टक्क्यांहून अधिक पक्षिजातींना एकपत्नीक ठरवले, ते सोबत राहणारी जोडी पाहून. पुढे डीएनए तपासणी आली आणि ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरी-रेन या चिमुकल्या पक्ष्याची सुमारे तीन चतुर्थांश पिल्ले बाहेरच्या नराची निघाली.

अशा पिल्लाला काही जण ‘जारज’, म्हणजे व्यभिचारातून जन्मलेले, म्हणतात, आणि पाखरावर विनाकारण कलंक येतो. ‘क्षेत्रज’ सुचवणाऱ्यांनी तर स्मृती उघडूनच पाहिलेली दिसत नाही, कारण क्षेत्रज संतती नियोगाची, म्हणजे रीतसर अनुमतीने परपुरुषापासून झालेली असते. नेमका शब्द याज्ञवल्क्यस्मृतीत तयार आहे: ‘गृहे प्रच्छन्न उत्पन्नो गूढजस्तु सुतः स्मृतः’, म्हणजे घरात गुप्तपणे जन्मलेला तो गूढज. ‘गुह्’ म्हणजे लपवणे. गुहा, गुह्य आणि गूढ ही त्याच धातूची लेकरे. मनूही म्हणतो, की घरात जन्मलेले मूल कोणाचे हे कळत नसेल, तर ते ज्याच्या शय्येवर जन्मले त्याचे. घरट्यातला नर त्या पिल्लाला इतरांबरोबरच अळ्या भरवतो आणि रक्त तपासेपर्यंत अभ्यासकालाही जनक कळत नाही, तेव्हा याहून चपखल शब्द मला तरी माहीत नाही.

आता मूळ प्रश्न. ‘जोडीदार-संरक्षण’ हे भाषांतर साफ चुकीचे आहे, कारण रक्षण संकटापासून होते, तर दुसऱ्याने हात मारू नये म्हणून केली जाते ती राखण. ज्वारीची राखण दाणा भरल्यापासून कापणीपर्यंतच असते. मादीचीही ती फलनक्षम असेपर्यंतच. सेशेल्समधल्या कझिन बेटावर संशोधकांनी वटवट्यांच्या काही घरट्यांत मादीने अंडे घालण्याआधीच खोटे अंडे ठेवले. ते पाहून, मादीने अंडे घातले असे समजून, नरांनी पाठलाग थांबवला आणि त्या घरट्यांत परक्या नरांच्या पिल्लांचे प्रमाण वाढले. म्हणून ‘मादीची राखण’ असेच लिहावे.