मे महिन्यात आपलं पॅनेल बघायला जा

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. आयटीआय झालं, अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॅनेल वायरिंगला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या विजेच्या कपाटांत वायरी जोडायच्या कामाला, लागून आठ महिने झाले, आणि आता तू विचारतोस, ‘नुसत्या वायरी ओढण्यात काय आहे? पीएलसी शिकायला पुण्याला जाऊ का?’ जा की. पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा तो छोटा कंप्युटर, शीकच. पण त्याआधी एक काम कर. तू वायरिंग केलेलं एखादं पॅनेल जिथं बसलंय तिथं जाऊन ये. आणि जायचं ते मे महिन्यात, दुपारी दोनला.

हे का सांगतो ते ऐक. मी तुझ्याहून थोडा मोठा होतो तेव्हा टॉवेलच्या एका कारखान्यासाठी पॅनेल केलं होतं. डिसेंबरात शॉपमध्ये टेस्टिंग झालं, सगळं चोख. एप्रिल लागला आणि फोन सुरू झाले: रोज दुपारी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ट्रिप होतो, रात्री होत नाही. मी जाऊन एमसीबी बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा बदलला. तिसऱ्या खेपेला मात्र पॅनेलमध्ये थर्मामीटर ठेवून दार लावलं आणि तासभर तिथंच बसलो. आत पन्नासच्या वर पारा गेला. साध्या एमसीबीचं रेटिंग ३० अंशांना धरलेलं असतं. त्याच्यावर गरमी गेली की तो लिहिलेल्या अँपियरच्या आधीच पडतो. सोलापुरात तेव्हा बाहेरच चाळिशी ओलांडलेली, डोक्यावर पत्रा, आत मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह तापलेला, आणि मी सहा एमसीबी एकमेकांना चिकटवून बसवलेले. पंख्याचा फिल्टर काढला तर त्यावर रुईच्या तंतूंचा असा थर बसला होता की हवेला वाटच नव्हती.

एमसीबीचा काहीच दोष नव्हता. मी पॅनेल आमच्या शॉपसाठी केलं होतं, मागांच्या शेडसाठी नाही. नंतर एमसीबींमध्ये जागा सोडली, ड्राइव्हच्या वर-खाली मॅन्युअलमध्ये सांगितलेलं अंतर ठेवलं, आणि कामगाराला स्क्रूड्रायव्हरशिवाय काढून झटकता येईल असा फिल्टर बसवला. नुसता मोठा एमसीबी टाकून मोकळं होता आलं असतं, मालकही तेच म्हणत होते. पण एमसीबी वाढवला तर मागची वायरही तेवढा करंट सोसणारी हवी, नाहीतर एमसीबी पडणार नाही आणि वायर जळेल. हे कधी विसरू नकोस.

म्हणून आता कुठलंही काम आलं की मी आधी विचारतो, पॅनेल बसणार कुठे? मागांजवळ असेल तर तंतू, रंगखात्याजवळ असेल तर वाफ, साखर कारखान्यात असेल तर बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, धूळ. ड्रॉइंगमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

साखर कारखान्यावरून दुसरी गोष्ट आठवली, ती सांगताना आजही मला वाईट वाटतं. एका कारखान्यात कमिशनिंगच्या, म्हणजे पॅनेल चालू करून द्यायच्या, वेळी मी जागेवर दोन वायरी बदलल्या. इंटरलॉक, म्हणजे एक चालू असताना दुसरं चालू होऊ न देणारी जोडणी, वेगळ्या संपर्कावरून घेतला. ड्रॉइंगवर लाल पेनानं खूण करायची राहिली, वायरींवरचे नंबराचे फेरूलही जुनेच राहिले. तीन वर्षांनी, ऐन गाळप हंगामात, रात्री तिथला इलेक्ट्रिशियन तो फॉल्ट शोधत पहाटेपर्यंत बसला. ड्रॉइंग एक सांगत होतं, पॅनेल दुसरंच. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. तो माणूस मला एक शब्दही वाकडा बोलला नाही, फक्त विचारलं, ‘साहेब, हे कुणी केलं होतं?’

तू ज्याला ‘वायरी ओढणं’ म्हणतोस त्यात हे सगळं आहे, बाळा. वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर, आणि तो दार उघडून उभ्या राहिलेल्या माणसाला मान न वाकवता वाचता आला पाहिजे. चॅनेल गच्च भरू नकोस, उद्या कुणाला तरी आणखी एक वायर टाकायची असते. वायर सोलताना आतली एक जरी तार तुटली तर टोक कापून पुन्हा सोल. टोकाला धातूचा लग दाबून क्रिंप केल्यावर प्रत्येक वायर ओढून बघ, शंभरातली नव्व्याण्णव नाही, शंभरच्या शंभर. आणि टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली घालायची जुनी सवय कुणी शिकवली तर घेऊ नकोस. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं, सांधा ढिला होतो, मग तापतो. कंपोनंट बसवल्यावर प्लेटला भोक पाडायची वेळ आलीच तर आधी सगळं झाकून घे. लोखंडाचा कीस मोटर चालू-बंद करणाऱ्या काँटॅक्टरमध्ये गेला की तो केव्हा त्रास देईल याचा नेम नाही.

आता पीएलसीचं. स्टॉपचं बटण एनसी (एरवी जोडलेलं, दाबल्यावर तुटणारं) का घेतात, हे तुझ्या हातानं वायरिंग करून कळलंय ना? वायर तुटली तरी मशीन थांबलं पाहिजे म्हणून. प्रोग्राम लिहिणाऱ्या कितीतरी मुलांना हे पाठ असतं, पण तुटलेली वायर त्यांनी पाहिलेली नसते. मोटर आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालवतात, त्या स्टार-डेल्टाचंच बघ. ओव्हरलोड रिले (मोटरवर भार जास्त झाला की ती बंद करणारा) वाइंडिंगच्या वाटेत असेल तर सेटिंग नेमप्लेटच्या करंटच्या ०.५८ पट, म्हणजे ६६ अँपियरच्या मोटरला ३८. सरळ ६६ वर लावून ठेवलेले मी किती पाहिलेत! मोटर जळते, तोवर रिले गप्प. हे ज्याच्या हाताला माहीत आहे तो पीएलसी लवकर शिकतो, असं मी पाहिलंय.

जिवाचं थोडक्यात, पण पक्कं लक्षात ठेव. ड्राइव्हचा मेन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ५८० व्होल्टच्या आसपास डीसी राहतो. लेबलवर लिहिलेली मिनिटं थांब, मग मीटरनं मोज, मगच हात घाल. चालू लाइनवर सीटीची (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी कधी उघडी ठेवू नकोस. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावण्याआधी पीएलसी, ड्राइव्ह, एसएमपीएस (डीसी पुरवणारा डबा) सोडवून घे. आणि ‘मी बंद केलंय’ असं दुसऱ्यानं सांगितलं तरी स्वतः तपास. घाई करणारा कुणीही असो, त्याला थांबायला सांग. काही बोलला तर माझं नाव सांग.

पुण्याचं जूननंतर बघू. तुझ्या मालकांशी मी बोलतो, चिंचोळीला तुमचं जे पॅनेल मार्चमध्ये गेलं ते बघायला तुला एक दिवस सोडतील. जाताना थर्मामीटर आणि वही घे. दार उघडण्याआधी दाराला हात लावून बघ, मग आतलं तापमान लिही, फिल्टरचा फोटो काढ, आणि तिथल्या मेंटेनन्सवाल्याला विचार की या पॅनेलमध्ये त्याला काय अडचण येते. तो जे सांगेल ते सगळं लिहून आण. रविवारी सकाळी घरी ये, आठच्या आत, ऊन चढायच्या आधी. काकू कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवेल, आपण वही घेऊन बसू.

तुझा,
काका