प्रत्येक फरकापुढे एक प्रश्न

प्रिय विद्यार्थिमित्रा,
अनेक आशीर्वाद.

जिवाणू आणि एकपेशीय परजीवी यांच्यातल्या फरकांचा तू पाठवलेला तक्ता पाहिला. बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबू नकोस. पेनिसिलिनने मलेरिया का बरा होत नाही, हे तुला त्याच तक्त्यावरून सांगता यायला हवं. म्हणून प्रत्येक फरकापुढे ‘मग औषध कुठे लागू पडेल?’ हा प्रश्न लिहीत जा.

पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकनची, म्हणजे साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची, भिंत नीट बांधू देत नाही. मायकोप्लाझ्मासारखे अपवाद सोडले तर बहुतेक जिवाणूंभोवती ही भिंत असते. प्लाझमोडियमला, म्हणजे मलेरियाच्या परजीवीला, ती नसतेच, मग पेनिसिलिन तिथे करणार काय? जिवाणूंचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, ७० एस (‘एस’ हे त्यांच्या आकारमानाशी निगडित एकक), तर परजीवीच्या पेशीद्रवातले ८० एस, म्हणजे आपल्याच जातकुळीचे. केंद्रकही आपल्यासारखंच. परजीवीला मारून रुग्णाला इजा न करणारं औषध शोधणं अवघड जातं ते यामुळेच.

आकारावर मात्र विसंबू नकोस. ई. कोलाय हा जिवाणू साधारण २ मायक्रॉन लांब, आणि लिशमानिया या परजीवीचं पेशीत राहणारं रूपही २ ते ४ मायक्रॉनचंच.

त्यापेक्षा गिम्सा या रंगाने रंगवलेली मलेरियाची स्लाइड ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाच्या थेंबातून बघायच्या भिंगाखाली, सावकाश बघ. तांबड्या पेशीत एक नाजूक निळी कडी दिसेल आणि तिच्या कडेला लालसर ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. जिवाणूत असा पटलाने वेगळा केलेला भाग नसतो, त्याचा डीएनए पेशीद्रवातच असतो. पुढच्या अवस्था शोधल्यास तर एकाच परजीवीत अनेक केंद्रकं दिसतील. आधी केंद्रकं वाढतात, पेशी नंतर एकदम विभागते. जिवाणू सहसा सरळ दोन होतो, ई. कोलायला अनुकूल परिस्थितीत २० मिनिटं पुरतात.

आता मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट. डॉक्सिसायक्लिन जिवाणूंच्या रायबोसोमवरचं औषध, तरी ते मलेरियावर चालतं! कारण प्लाझमोडियमच्या पोटात ॲपिकोप्लास्ट नावाचं एक अंगक, म्हणजे पेशीतला छोटा अवयव, आहे. फार पूर्वी गिळलेल्या लाल शैवालाचा तो अवशेष, आणि त्या शैवालातलं हरितलवक मुळात एका जिवाणूपासून आलेलं. त्याचे रायबोसोम अजूनही जिवाणूंच्या धाटणीचे आहेत. औषध तिथे लागतं, पण परजीवी लगेच मरत नाही. तो चालू चक्र पुरं करतो आणि त्याची पिल्लं पुढच्या चक्रात मरतात. म्हणूनच उपचारात डॉक्सिसायक्लिन एकटं देत नाहीत, जोडीला जलद काम करणारं औषध लागतं. तक्त्यातली ‘७० एस विरुद्ध ८० एस’ ही ओळ आता पुन्हा वाच. ‘पेशीद्रवातले’ हा शब्द मी मुद्दाम का घातला होता, ते कळेल.

मेट्रोनिडाझोलचं तू शोध. ते अमीबावर चालतं, जिआर्डियावर चालतं आणि विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या, जिवाणूंवरही. इथे भिंतीचा संबंध नाही, रायबोसोमचाही नाही. ऑक्सिजनपासून सुरुवात कर आणि काय हाती लागलं ते कळव.

तुझा,
सर